सेमिनारला विम्प घ्यावं की आदिम कृष्णविवर?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची एम.एस्सी.ची पोरं सेमिनारसाठी कृष्णद्रव्य निवडतात आणि पुढं दोन वाटांपाशी अडतात. हे न दिसणारं द्रव्य साध्या द्रव्याच्या पाचपटीहून जास्त आहे. ते कशाचं बनलंय?

विम्प, म्हणजे कशालाही सहसा न धडकणारे जड कण, हा सोपा विषय. आकृत्या मिळतात, वाचायलाही भरपूर. पण दक्षिण डकोटात दीड किलोमीटर खोल, सात टन द्रवरूप झेनॉन घेऊन वाट बघणाऱ्या एलझेड प्रयोगालाही विम्प सापडलेला नाही.

आदिम कृष्णविवरांना नवा कण लागत नाही. 1967 मध्ये झेल्दोविच-नोविकोव्ह आणि 1971 मध्ये हॉकिंग यांनी मांडलेली ही कल्पना: तारे जन्मायच्या आधीच दाट भाग कोसळून कृष्णविवरं झाली. ते भाग इतके दाट कशामुळं झाले, हे मात्र गणितात मुद्दाम जुळवून घ्यावं लागतं. व्हायव्हात नेमकं इथंच पकडतात.

खरी गंमत वजनात आहे. साधारण 50 कोटी टनांखालची कृष्णविवरं हॉकिंग प्रारणानं, म्हणजे त्यांच्यातून हळूहळू निसटणाऱ्या ऊर्जेनं, आजवर विरून गेली. सूर्याच्या आसपासच्या वजनाची घ्यावीत, तर 'ओगल' या दुर्बिणीच्या आकाश-सर्वेक्षणाच्या वीस वर्षांच्या निरीक्षणांनी 2024 मध्ये तीही जवळपास बाद केली. उरतात लघुग्रहाच्या वजनाची, अणूएवढी कृष्णविवरं. सगळं कृष्णद्रव्य त्यांचं असणं अजून शक्य आहे.

आता दुसरं कोडं. विश्वाच्या सुरुवातीला अब्ज प्रतिकणांमागं (प्रतिकण म्हणजे कणाचा उलट्या गुणांचा जोडीदार) साधारण एकच कण जास्त उरला, आपण त्यातले. तो का उरला? विरताना कृष्णविवरांनी जड कण फेकले आणि त्यांच्या क्षयात कण-प्रतिकणांचा तोल ढळला, हे एक उत्तर. पण त्यासाठी ती पहिल्या सेकंदातच संपायला हवीत, म्हणजे हजार टनांच्या आतली. चिक्कोडीकडचा मोठा साखर कारखाना दिवसाला याहून जास्त ऊस गाळतो! कृष्णद्रव्य व्हायचं तर टिकायला हवं, असमतोल घडवायचा तर विरायला हवं. एकाच वजनाची कृष्णविवरं ही दोन्ही कामं सहसा करत नाहीत.

कोसळतानाच असमतोल घडला, असं सांगणारं एक प्रतिमान दोन्ही कोडी एकदम सोडवू बघतं, पण त्यातली बरीच कृष्णविवरं सूर्याच्या वजनाची आणि तिथं ओगल आडवं येतं.

वेळ कमी असेल तर विम्प घ्या. गणिताची आवड असेल तर आदिम कृष्णविवरंच, तीही फक्त कृष्णद्रव्यापुरती. असमतोलाला शेवटची एक स्लाइड पुरे.