कडकनाथच्या अंड्यांत माझे १२,८५० रुपये गेले, तुमचे घालवू नका

काल मावसभावाचा फोन आला, "दादा, कडकनाथची अंडी ऑनलाइन मिळतायत, मागवू का?" तेव्हा ठरवलं, लाज गेली खड्ड्यात, लिहूनच टाकायचं. चार महिने घरातल्या माणसांशिवाय कुणाला बोललो नव्हतो. शेजारी विचारायचे पिल्लं कुठंयत, तर मी सांगायचो मांजरानं खाल्ली.

आधी एक सांगतो, मी अगदीच बावळट नाही. २०१९ ला सांगली-कोल्हापूर पट्ट्यात कडकनाथची, म्हणजे त्या काळ्या जातीच्या कोंबड्यांची, स्कीम बुडाली, त्यात आमच्या पाहुण्यातल्या दोघांचे पैसे अडकले. त्यामुळे कुणी 'पिल्लं आम्ही देतो, मोठी झाली की आम्हीच विकत घेतो' म्हटलं की मी फोन ठेवतो. आणि इथंच घात झाला. मला ज्यानं मशिन आणि अंडी विकली त्या माणसानं बायबॅकचं, म्हणजे माल परत विकत घ्यायचं, नावच काढलं नाही. उलट तोच म्हणाला, "सर, त्या गॅरंटी रेटवाल्यांच्या नादी लागू नका, सगळे चोर आहेत. तुम्ही मशिन घ्या, अंडी घ्या, पिल्लं तुमची, विकायची तुम्ही." चोरानंच मला चोरांपासून सावध केलं आणि मी मनात म्हटलं, माणूस सरळ दिसतोय.

त्याचा जाहिरातीचा व्हिडिओ पण तसाच. काळाकुट्ट कोंबडा, तुरा जांभळट, मागे निळा ड्रम, आणि हा बोलतोय की २०१८ ला झाबुआच्या कडकनाथला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळाला, धोनीनं रांचीच्या फार्मसाठी २,००० पिल्लांची ऑर्डर दिली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, मी तपासल्या. पण त्या खऱ्या असल्यानं ह्याची अंडी खरी कशी ठरतात हा विचार काही डोक्यात आला नाही.

हिशोब असा. ६४ अंड्यांचं मशिन ७,५०० रुपये. ६० 'फर्टाईल' (फलित, पिल्लू निघेल अशी) अंडी, ४५ रुपयाला एक, म्हणजे २,७००. पॅकिंग आणि ट्रान्सपोर्ट ६५०. एकूण १०,८५० रुपये, सगळे आधी, एका यूपीआय नंबरवर, आणि तिथं नाव भलत्याच बाईचं. विचारलं तर "मिसेसचं अकाउंट आहे सर". बिल मागितलं तर "मशिनच्या खोक्यात असेल". खोक्यात थर्माकोल होता.

आता कुणी म्हणेल मशिन कशाला, खुडूक कोंबडी असताना. अहो आहे ना आमच्याकडं, आईच्या चार गावरान कोंबड्या आहेत, त्यातली एक तर वर्षातून तीनदा खुडूक बसते, हात घातला की फोडून काढते. पण एका कोंबडीखाली दहा-बारा अंडी मावतात. आणि कडकनाथची कोंबडी स्वतः नीट बसत नाही, हे ज्यांनी पाळलीय त्यांना माहितीय, तिची अंडी दुसऱ्या कोंबडीखाली नाहीतर मशिनमध्येच घालावी लागतात. म्हणजे माझं गणित चुकीचं नव्हतं. माल चुकीचा होता.

अंडी आली तेव्हा मी वाचून ठेवलेलं सगळं नीट केलं. टोकदार बाजू खाली ठेवून एक दिवस विसावा दिला, मशिन रिकामं चालवून ३७.५ ला आणलं, ट्रेमध्ये पाणी, दिवसातून पाच वेळा अंडी फिरवायची (ऑटोमॅटिक टर्निंग सांगितलं होतं, मोटर दुसऱ्या दिवशी बंद पडली). प्रत्येक अंड्यावर पेन्सिलनं एका बाजूला फुली, एका बाजूला गोल. मुलीनं वहीचं पान भिंतीला लावलं, २१ चौकोन आखून. त्याच दिवशी आईनं तिच्या खुडूक कोंबडीखाली डालग्यात नऊ गावरान अंडी घातली, कौतुक म्हणून, बघू कोण जिंकतं.

आणि आता सातव्या दिवसाची रात्र. ही रात्र मी विसरणार नाही. लाईट बंद करून, खपटाला भोक पाडून, मोबाईलच्या टॉर्चवर अंडी बघायला बसलो. पहिलं मशिनमधलं धरलं. आत नुसता पिवळा उजेड, कंदिलाची काच पुसून ठेवावी तसा. दुसरं तसंच. बारा बघितली, बारा तशीच, आत बलकाची सावली गोल गोल फिरतेय बस. मग आईनं कोंबडीखालचं एक आणून हातात दिलं. ते धरलं आणि मुलगी ओरडलीच. लाल बारीक शिरा, कोळ्यानं जाळं विणावं तशा, आणि मधे काळा ठिपका, तो हलत होता हो, टिकटिक करत. एकाच खपटावर, एकाच टॉर्चवर, एकाच दिवशी ठेवलेली दोन अंडी. आई म्हणाली, "आरं, हिच्यात काय बी न्हाय. ही बॉयलरची हायत."

मी काय केलं? आईवर चिडलो. म्हटलं तुला काय कळतंय, हे मशिन वेगळं असतं. आणि त्या माणसाला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले. त्याचं उत्तर दोन मिनिटात, "सर, कडकनाथचं कवच डार्क असतं, ७ दिवसात दिसत नाही, १४ व्या दिवशी बघा. मशिन सारखं उघडू नका." आता कवच जाड किंवा गडद असलं की आतलं कमी दिसतं हे खरं आहे. पण मला तर आतला बलक स्वच्छ दिसत होता! बलक दिसतो आणि शिरा दिसत नाहीत, असं कवच कुठल्या कोंबडीचं असतं? हे मला तेव्हा सुचायला पाहिजे होतं. डोळ्यासमोर होतं. पण १०,८५० रुपये गेलेत हे कबूल करायला माणूस तयार नसतो, त्याला अजून १४ दिवस थांबणं सोपं वाटतं.

१४ व्या दिवशी तेच. १९ व्या दिवशी मशिनमध्ये एक अंडं फुटलं, घरभर असा वास की बायको मुलीला घेऊन माहेरी जाते म्हणाली. २१ व्या दिवशी आईच्या डालग्यात नवातली आठ पिल्लं चिवचिव करत होती. मी २३ व्या दिवसापर्यंत थांबलो. मग परसात नेऊन एकेक फोडलं, उरलेल्या ५९ पैकी एकातसुद्धा रक्ताची रेघ नव्हती. जीव सुरू होऊन मेला असता तर रक्ताचं कडं तरी दिसतं. हे पहिल्यापासून खायचं अंडंच होतं, कोंबड्याचं तोंड न बघितलेलं.

पुढचं लिहायला जास्त लाज वाटते. मी त्याला फोन केला तर तो माझ्यावरच चढला. तुमच्याकडं लाईट जाते का? जाते. मग आमची काय चूक? ह्युमिडिटी किती होती? आम्ही १८ दिवस ५० ते ५५ टक्के सांगतो, नंतरचे तीन दिवस ६५ च्या वर. मीटर होतं का तुमच्याकडं? नव्हतं. इतकं बरोबर बोलत होता की मला माझीच चूक वाटायला लागली. मग आवाज मऊ करून म्हणाला, "दादा, तुमचं नुकसान बघवत नाही, दुसरी बॅच अर्ध्या रेटमध्ये देतो." सरांचा दादा झालो. १,३५० अंड्यांचे, ६५० ट्रान्सपोर्टचे, दोन हजार पुन्हा पाठवले. एकूण १२,८५०. शिवाय लाईट जाते म्हणून ६,२०० ची बॅटरी घेतली ती वेगळीच, ती मी ह्या हिशोबात धरत नाही कारण तो गाढवपणा माझा स्वतःचा.

दुसरी बॅच आली तेव्हा आई भांडी घासत होती. ओल्या हातानंच तिनं खोक्यातलं एक अंडं उचललं, बघितलं, आणि हात माझ्यापुढं केला. तळव्यावर तपकिरी रंग. फडक्यानं चोळलं तर आतून पांढरंफेक अंडं. चहाच्या पाण्यात रंगवलेलं! पांढरी अंडी रंगवून गावरान म्हणून खपवतात हे आपण सगळ्यांनी ऐकलंय, मीही ऐकलं होतं, पण ते बाजारात होतं, आपल्या घरी थोडीच होतं. तरी त्याला फोटो पाठवला. म्हणाला, "ते नैसर्गिक कोटिंग आहे सर, पुसू नका, जंतू जातील." अंड्यावर कोटिंग असतं, ते धुवू नये, हे पण खरं! ह्या माणसाचं प्रत्येक खोटं एका खऱ्या वाक्यात गुंडाळलेलं होतं. त्यानंतर ब्लॉक.

एक अंडं फोडून बघायचं हो, साठातलं एकच. बलकावर पांढरा ठिपका असतो. फलित असेल तर त्याला नीट गोल कडं दिसतं, नसेल तर नुसता वेडावाकडा बारीक ठिपका. ४५ रुपयात माझे दोन हजार वाचले असते आणि २३ दिवस सुद्धा.

मग सुरू झाली सरकारी वारी. पोलीस स्टेशनला गेलो तर साहेब बाहेर, हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि पलीकडच्या टेबलाला म्हणाले, "अरे ऐक, यांची अंडी उबली नाहीत." दोघं हसले. मग मला, "किती दिवस बसवलं होतं?" ही मस्करी. तक्रार अर्ज घेतला, पोच मागितली तर "उद्या या". उद्या गेलो तर सायबरकडं जा. सायबरवाले म्हणाले, माल मिळालाय ना तुम्हाला, मग हा आपसातला व्यवहार, सिव्हिल मॅटर. म्हटलं साहेब, कडकनाथ सांगून चहात बुडवलेली अंडी दिली, ही फसवणूक नाही? आता ४२० जाऊन भारतीय न्याय संहितेचं ३१८ आलंय, हे मी वाचून गेलो होतो, ते सांगितलं तर त्यांना राग आला. म्हणाले अंडी कडकनाथची नाहीत असा दाखला आणा. दाखल्यासाठी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथले डॉक्टर सज्जन होते, चहा पाजला, आणि म्हणाले आम्ही जिवंत जनावर तपासतो, अंड्याचं सर्टिफिकेट कुठल्या फॉर्मवर देऊ? बँकेत म्हणाले पिन तुम्हीच टाकलाय. चार ऑफिसं, सहा सुट्ट्या, झेरॉक्सचे १४० रुपये, आणि प्रत्येकानं शेवटी मलाच विचारलं, तुम्ही आधी चौकशी नाही केली का? केली होती हो! केली होती म्हणूनच फसलो!

एवढं मात्र कळलं की १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा असेल तर त्याच दिवशी, त्याच तासात करायचा. मी पैसे पाठवून दोन महिने झाल्यावर केला, तोवर खात्यात काय राहणार. ग्राहक आयोगात पाच लाखापर्यंतच्या तक्रारीला फी नाही, पण समोरच्याचं नाव-पत्ता लागतो, आणि माझ्याकडं आहे काय तर एका बाईचं यूपीआय नाव आणि निळा ड्रम. म्हणून बिल आल्याशिवाय पैसे सोडू नका. खोकं उघडताना व्हिडिओ काढा. रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवर जाऊ नका, व्हिडिओ कॉल लावून त्याला खुराड्यात जायला सांगा. कुरियरनं हलत आलेल्या अंड्यांतून चांगल्या मालकाची असली तरी बऱ्याचदा निम्मीच निघतात, त्यामुळे ८५ टक्क्यांची गॅरंटी देतो तो माणूस तिथंच खोटा. कडकनाथचं अंडं काळं नसतं, फिकट तपकिरी, जरा गुलाबीसर असतं आणि आकारानं लहान. माझी सगळी एका मापाची, मोठी, पुसल्यासारखी स्वच्छ होती. आणि जवळपास कुणाकडं कोंबडा असेल तर तिथून पायी जाऊन अंडी आणा.

मशिनचं पण ऐका. डिस्प्लेवर ३७.५ दाखवत होतं, मी देव मानून बसलो. नंतर ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर आत ठेवला तर ३६.१. हे पहिल्याच दिवशी करायचं असतं. आता सेटिंग ३८.९ ला ठेवलं की आत ३७.५ येतं. तसं करून आईची दहा गावरान अंडी ठेवून बघितली, सहा पिल्लं निघाली. बॅटरीवर एक रात्र काढली त्यात.

मावसभावाला त्याला आलेला व्हिडिओ पाठवायला सांगितला. नंबर वेगळा, नाव वेगळं, भाव आता ५५ रुपये. मागे निळा ड्रम.

मशिन विकायला काढलंय, ४,००० ला. डिस्प्ले दीड डिग्री खोटं बोलतो आणि टर्निंग हातानं करावं लागतं, हे पहिल्या वाक्यातच सांगतो. तीन फोन आले, तिघांनीही ऐकून ठेवून दिला.