निवृत्तीनंतरचं घर: कोथरूडची जुनी सोसायटी की शहराच्या कडेचा ज्येष्ठांचा प्रकल्प?

पुण्यात उतारवय काढायचं हे आमचं आधीपासून ठरलेलं होतं. घर कुठे घ्यायचं यावर मात्र वर्षभर घोळ चालला. पैसे साधारण सारखेच लागणार होते. एकीकडे कोथरूडमधला तीस वर्षं जुना रीसेल फ्लॅट, दुसरीकडे सूस-म्हाळुंगे बाजूचा, खास ज्येष्ठांसाठी बांधलेला नवा प्रकल्प. आम्ही आधी त्या प्रकल्पात अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहिलो, २०२४च्या पावसाळ्यापासून पुढे, आणि मग घर घेतलं ते कोथरूडला. ओळखीतली बरीच मंडळी आता याच वळणावर आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रकल्पाबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. स्ट्रेचर मावेल एवढी लिफ्ट, कुठेही उंबरठा नाही, बाथरूममध्ये न घसरणाऱ्या फरशा आणि कमोडशेजारी भिंतीला धरायच्या दांड्या. रात्री दोनला बेल दाबली तरी माणूस वर येतो. कंटाळा आला की खाली भोजनालयात जेवायचं. शेजारपाजारही आपल्याच वयाचा. माझ्या बायकोच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. ती म्हणायची, इथे हळू चालताना कुणाला खोळंबून ठेवल्यासारखं वाटत नाही. हे सुख कोथरूडच्या इमारतीत नाही. इथे लिफ्ट नाही, म्हणून आम्ही पहिल्या मजल्यावरच अडून बसलो. अठरा पायऱ्या आहेत. बाथरूम अरुंद, दांड्या आम्हीच बसवून घेतल्या. बाकी बँक, भाजी, दवाखाना, नाटक, मेट्रो हे सगळं हाताशी आहे. त्यावर अधिक लिहायची गरज नाही.

आता पाणी. पुणं म्हणजे पेन्शनरांचं गाव, असं आमच्या लहानपणी म्हणत. त्या गावाला खडकवासला धरण पुरत होतं. आज खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची मिळून साठवण साधारण २९ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, आणि त्यातूनच दौंड-इंदापूरच्या शेतीलाही कालव्याने पाणी जातं. महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३. सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक, वाघोली ही त्या २३ मधलीच. इमारती तिथे आधीच उभ्या राहिल्या होत्या आणि अजून राहताहेत. जलवाहिनी मागून येते आहे. मधल्या काळात पाण्याची सोय आम्ही करू, असं हमीपत्र अशा भागांत बिल्डरकडून घेतलेलं असतं. आमच्या अनुभवात ती सोय म्हणजे टँकर होता, आणि सोसायटी रहिवाशांच्या ताब्यात आल्यावर त्याचा खर्चही रहिवाशांवर आला.

आमच्या त्या प्रकल्पात ८४ फ्लॅट, माणसं दीडशेच्या आसपास. माणशी १३५ लिटरचा सरकारी हिशेब धरला तरी रोज वीस हजार लिटर लागणार, म्हणजे दोन मोठे टँकर. भोजनालय, बाग, साफसफाई वेगळी. दिवाळीपर्यंत बोअरवेलने साथ दिली. फेब्रुवारीत तिचं पाणी खोल गेलं आणि एप्रिलमध्ये रोज चार टँकर यायला लागले. त्या महिन्याचा मेंटेनन्स सतराशे रुपयांनी वाढला. बोअरच्या जड पाण्यात तुरीची डाळ काही केल्या शिजायची नाही, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढायचा. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले आणि पाण्यावर संशय आला, तेव्हापासून आम्ही प्यायचं पाणी उकळूनच घेत होतो. तरीही एवढ्यावरून मी ती जागा सोडली नसती. पैसे आपण देतो, डाळ आदल्या रात्री भिजत घालतो.

घर सोडायला लावलं ते बादल्यांनी. टँकर कधी येणार हे कुणालाच सांगता यायचं नाही. सकाळी सव्वासहाला ग्रुपवर निरोप यायचा: टँकर अडकला आहे, पाणी नऊनंतर. कधी नऊला यायचं, कधी साडेअकराला. म्हणून मी रोज रात्री निजायच्या आधी सहा बादल्या आणि एक पिंप भरून ठेवायला लागलो. बाथरूममध्ये ते ठेवायला जागा एकच, कमोडच्या शेजारी, नेमकी त्या दांड्यांखाली. एका पहाटे बायको उठायला गेली, दांडीपर्यंत हात पोचेना, म्हणून तिने पिंपाच्या कडेचा आधार घेतला. पिंप हललं. ती पडली नाही, पण परत खाली बसली आणि मला हाका मारत राहिली. मी दुसऱ्या खोलीत होतो, लगेच ऐकू आलं नाही. त्या बाथरूमची एकेक गोष्ट तिच्यासारख्या माणसासाठी विचार करून बांधली होती, आणि तिथेच तिला धरायला काही उरलं नव्हतं. त्याच आठवड्यात मी कोथरूडच्या एजंटला फोन केला.

इथे कोथरूडलाही पाणी चोवीस तास येत नाही. सकाळी ठरलेल्या वेळी नळ येतो, खालची टाकी भरते, पंप लावून वर चढवतात. दुरुस्तीसाठी एखाद्या गुरुवारी बंद असेल तर आदल्या दिवशी कळतं, आणि शुक्रवारी दाब कमी असणार हेही ठाऊक असतं. त्या दोन दिवसांपुरत्या दोन बादल्या भरतो, त्याही स्वयंपाकघरात ठेवतो. गेल्या उन्हाळ्यात आमच्या इमारतीत टँकर एकदाच आला, तोही पंप जळला म्हणून.

कोथरूड म्हणजे चिंता मिटली असंही नाही. आमच्या गल्लीत तीन सोसायट्या पुनर्विकासाला गेल्या आहेत. जिथे बारा बिऱ्हाडं होती तिथे चाळीस होतील, आणि रस्त्याखालची वाहिनी आहे तीच. आमच्याही इमारतीत बैठका सुरू झाल्या आहेत. तसं झालं तर सत्तरीत पुन्हा दोनदा सामान हलवायचं, ही धास्ती मला आहे. जिना अजिबात चढवत नसेल, किंवा एकट्याने राहायचं असेल, तर मी आजही नव्या प्रकल्पाचाच विचार करा म्हणेन. रात्रीच्या त्या बेलला इथे पर्याय नाही. मात्र ज्या प्रकल्पात महापालिकेचा नळ प्रत्यक्ष सुरू झाला आहे तोच बघा.

बघायला जायचं तर एप्रिल-मेमध्ये जा, सकाळी सातला. सोसायटीच्या वार्षिक हिशेबात टँकरच्या नावाने किती रक्कम पडली आहे ते मागून घ्या. नमुना फ्लॅट दाखवतील तो बघाच, पण कुणा राहत्या माणसाचं बाथरूमही बघायची परवानगी मागा, आणि दांडीखाली काय ठेवलं आहे ते पाहा.