गल्लीतली लगोरी की संघातला खो-खो?

परभणीत आमच्या गल्लीत उन्हाळ्यात पाचच्या आत कुणी बाहेर पडत नसे. मग विटी-दांडू, लगोरी, लंगडी. ना शिट्टी, ना सर. गडी कमी पडले की नियमच बदलायचे. शाळेच्या संघातला खो-खो वेगळा: आठ जण ओळीत उकिडवे, एक पाठलागावर, आणि उशिरा आलं की मैदानाला फेऱ्या.

मोठेपणी कामाला काय आलं? फिनलंडमध्ये १९८० पासून काही मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. सलग काही वर्षं संघटित खेळात टिकलेली मुलं पुढेही जास्त हालचाल करणारी निघाली. म्हणजे पारडं संघाकडे झुकतं. पण टिकायला तर पाहिजे ना! आमच्या संघातली निम्मी पोरं दहावीच्या क्लासला लागली ती मैदानावर परत दिसलीच नाहीत. (लातूरकडच्या क्लासेसचं तर विचारूच नका.) उलट गल्लीतला एक दोस्त पंचेचाळिशीतही ऑफिसची पँट दुमडून पोरांत टेनिस बॉलनं खेळतो. जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेली आठवड्याची १५० मिनिटं त्याची सहज भरतात.

लेकीला मी खो-खोला घातलंय, दोन संध्याकाळी मात्र गल्लीसाठी मोकळ्या. काल गुडघा फोडून आली, लगोरीत.