बिट_काउंट() सात महिने वापरल्यावर, शिरोलीच्या शॉपफ्लोअरवरून

शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं मशीन मॉनिटरिंग मी बघतो, ४० मशीन आहेत. दर सेकंदाला मशीन चालू असेल तर १, बंद असेल तर ०, म्हणजे एका मशीनचा अख्खा दिवस ८६,४०० बिटांचा (बिट म्हणजे एक ० किंवा १) एकच पायथन इंटिजर, म्हणजे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतला पूर्णांक. लोक म्हणतात लिस्ट ठेव, नमपाय (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) वापर, पण पायथनचा इंट कितीही मोठा होतो त्यामुळं मला हेच लई सोपं पडलं.

आधी मी बिन() नं त्या आकड्याची ०-१ ची स्ट्रिंग (अक्षरांची ओळ) करून त्यातले '१' मोजायचो. चालतं, पण कुठली दोन मशीन एकाच वेळी चालू होती हे काढायला ७८० जोड्या, आणि प्रत्येक जोडीला ८६ हजार अक्षरांची स्ट्रिंग बनवायची, मोजायची आणि टाकून द्यायची. पायथन ३.१० मध्ये (२०२१) बिट_काउंट() हे आकड्यातले १ मोजणारं फंक्शन आलं, ते स्ट्रिंग बनवतच नाही, आत ३० बिटांचे तुकडे असतात ते थेट मोजतं, आपला दिवस म्हणजे बरोबर २,८८० तुकडे. (ए & बी).बिट_काउंट() केलं की दोन्हीकडं १ असलेले सेकंद मोजून झाले, रिपोर्ट लगेच येतो, नाद खुळा!

मशीन किती वेळा सुरू झालं हे तर एका ओळीत निघतं (एन म्हणजे त्या मशीनचा दिवसाचा इंटिजर, ~ म्हणजे सगळे बिट उलटे करणं, मधलं १ चं चिन्ह म्हणजे बिट एक घर सरकवणं), (एन & ~(एन << १)).बिट_काउंट(). सुपरवायझरना हाच आकडा सगळ्यात जास्त लागतो.

आता जिथं मी फसलो ते. बंद सेकंद मोजायला (~एन).बिट_काउंट() लिहिलं आणि दोन आठवडे चुकीचे आकडे गेले, ऑपरेटरना उगीच बोलणी बसली, त्याचं मला अजून वाईट वाटतंय. समजा चारच सेकंद, बायनरीत १०११, म्हणजे साधा आकडा ११. ~ केल्यावर होतं -१२, आणि पायथन निगेटिव्ह नंबरचं चिन्ह सोडून १२ चे बिट मोजतं, ११०० चे दोन. बंद होतं एकच सेकंद! जावा या दुसऱ्या भाषेतल्या बिगइंटिजरला (तिथला मोठा पूर्णांक) तेच -१२ दिलं तर ३ येतं, कारण तिथं साइन बिटपेक्षा (अधिक-उणे सांगणारा बिट) वेगळे असलेले बिट मोजतात. त्यामुळं आता मास्क = (१ << ८६४००) - १ करतो आणि (एन ^ मास्क) चे बिट मोजतो, मास्कमध्ये ८६,४०० वेळा १ असल्यानं ^ नं तेवढेच बिट उलटतात.

कारखान्यातल्या जुन्या पीसीवर ३.८ होतं, तिथं हे फंक्शनच नाही, अपग्रेड होईपर्यंत बिन() वालंच ठेवलं होतं. तुमच्याकडं ३.१० असेल तर आजच बदला, फक्त ~ कुठं वापरलाय ते आधी शोधा.