सोन्याची भांडी, घोड्यांचं राज्य की आजाऱ्यांचा तुरुंग?

आमच्या वाचन मंडळाचं पावसाळ्यातलं पुस्तक निवडायचं काम यंदा माझ्या गळ्यात पडलंय. विषय ठरला आहे: नकाशात नसलेल्या देशांच्या प्रवासकथा. कुणीतरी दर्यावर्दी कुठल्याशा बेटावरच्या आदर्श राज्याचं कौतुक सांगत बसतो आणि चार पानं उलटल्यावर ध्यानात येतं की टपल्या आपल्यालाच बसताहेत, अशी पुस्तकं. चार शनिवार, इंदूरच्या रामबागेतला एक दिवाणखाना आणि दहा-बारा माणसं. त्यांत दोन निवृत्त डॉक्टर, एक वकीलबाई, बँकेतून बाहेर पडलेले तिघे आणि एक बारावीतला मुलगा, जो आजीला सोडायला येतो आणि पोह्यांसाठी थांबतो. तुम्हालाही असंच एखादं पुस्तक निवडायचं असेल, तर माझी ही घालमेल कामी येईल.

समोर तीन पुस्तकं आहेत. थॉमस मोरचं 'युटोपिया', 1516चं, मूळ लॅटिन. जोनाथन स्विफ्टचं 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स', 1726चं. सॅम्युएल बटलरचं 'एरेव्हॉन', 1872चं. पानं, किंमत, भाषा हे सगळं नंतर. आधी तिन्हींबद्दल मी स्वतःला एकच प्रश्न विचारला: इथे बिऱ्हाड करशील का?

मोरच्या बेटावर सुरुवातीला मन रमतं. रोज सहा तास काम, दारांना कुलपं नाहीत, दर दहा वर्षांनी चिठ्ठ्या टाकून घरांची अदलाबदल, म्हणजे प्लॉटवरून भावाभावांत भांडणं नाहीत. चोपन्न शहरं, सगळी एका साच्यातली. आम्हा इंदूरकरांना आदर्श नगरीचा थोडाफार सराव आहे. 2017 ते 2023 सलग सात वेळा देशातलं सर्वांत स्वच्छ शहर, सकाळी गाणं वाजवत येणारी कचरागाडी, ओला वेगळा, सुका वेगळा. पण डबा चुकला की काय होतं तेही माहीत असल्याने मोरची बारीक अक्षरातली कलमं आम्ही लवकर हुडकतो. परवान्याशिवाय दुसऱ्या गावी फिरताना पकडलं तर परत पाठवणी, पुन्हा सापडलात तर गुलामगिरी. हे कलम येईपर्यंत आपण मनातल्या मनात सामान बांधून टेम्पोही सांगितलेला असतो!

सोन्याचा प्रसंग मात्र एकदा वाचला की डोक्यातून जात नाही. तिथे सोन्याची रात्रीची भांडी करतात, गुलामांच्या बेड्या करतात. हिरे-माणकं पोरांची खेळणी. परदेशी राजदूत अंगभर सोनं घालून मिरवत येतात आणि रस्त्यावरचे लोक त्यांच्या साध्या कपड्यांतल्या नोकरांना मुजरा करतात. एक पोर आईला म्हणतं, एवढा मोठा घोडा झाला तरी अजून खेळणी घालून फिरतोय बघ. आई दटावते, गप्प, तो बहुतेक राजदूतांचा विदूषक असेल. आमच्या सराफ्यात दिवसा सोनं विकतात आणि रात्री शटरं पडली की त्याच दुकानांपुढे भुट्ट्याचा कीस मिळतो. गर्दी कधी जास्त असते ते इंदूरकराला सांगायला नको. मोरला हा सराफा आवडला असता.

अडचण अशी की मोर स्वतः कुठे उभा आहे हे शेवटपर्यंत कळत नाही. बेटाच्या नावाचाच ग्रीकमध्ये अर्थ 'कुठेच नाही', तिथल्या नदीचं नाव 'बिनपाण्याची' आणि सगळी हकिकत सांगणाऱ्याचं आडनाव 'बाताड्या' या अर्थाचं. एकट्याने वाचायला ही मौज आहे. पण पुस्तकाचा दुसरा भाग म्हणजे एका माणसाचं अखंड भाषण. दोन वर्षांपूर्वी आम्ही हेच घेतलं होतं. तिसऱ्या शनिवारी यजमान धरून चौघे उरलो. चूक आमचीही होती: 1551च्या इंग्रजी भाषांतराची प्रत कुणीतरी हौसेने आणली होती आणि तिच्या पल्लेदार वाक्यांनी बँकेतल्या मंडळींचा पहिल्याच आठवड्यात घाम काढला. घ्यायचंच तर अलीकडचं भाषांतर घ्या.

गलिव्हरचं नाव काढलं की सगळे म्हणतात, अहो, ते लहानपणी वाचलंय. काय वाचलंय? सहा इंची माणसं आणि दोऱ्यांनी बांधलेला गलिव्हर. राणीच्या महालाला लागलेली आग तो कशी विझवतो हे बालआवृत्तीत बहुधा गाळलेलं असतं आणि चारपैकी शेवटचे दोन भाग तर सहसा नसतातच. म्हणजे अर्धं पुस्तक, तेही तिखट अर्धं, आपण पाहिलेलंच नसतं.

तिसऱ्या भागात लगाडो नावाच्या शहरातली विद्वत्सभा आहे. एक शास्त्रज्ञ आठ वर्षं काकड्यांतून सूर्यकिरण काढतोय. दुसरा मैल्यापासून पुन्हा अन्न बनवायच्या खटपटीत. पूर्वी इथे मी मोठ्याने हसत असे. आता आमच्या इंदूरच्या देवगुराडियाला रोज 550 टन ओल्या कचऱ्यापासून गॅस काढायचा कारखाना 2022पासून उभा आहे, त्यामुळे हसू जरा अडखळतं. स्विफ्टचा तो वेडा फार लांब नव्हता, फक्त त्याने मधला गॅसचा टप्पा सोडून थेट जेवणाच्या ताटावर उडी मारली. पुढे न मरणारी माणसं येतात. डाव्या भुवईवर जन्मखूण, मरण नाही, पण म्हातारपण चुकत नाही; ऐंशी झाली की कायद्याने मृत, इस्टेट वारसांकडे. आमचे दोन्ही डॉक्टर यावर एक अख्खा शनिवार खातील.

आणि चौथा भाग, घोड्यांचं राज्य. हे घोडे खोटं बोलत नाहीत, त्यांच्या भाषेत खोट्याला शब्दच नाही. माणसासारखे दिसणारे याहू तिथे घाणेरडी जनावरं. गलिव्हर त्या घोड्यांवर इतका भाळतो की वाचणाराही भाळतो. मग हळूच दिसायला लागतं. पांढरे, तांबूस आणि करडे घोडे जन्मतः मंद, म्हणून पिढ्यान्पिढ्या नोकर. काळे आणि ठिपकेदार धनी. वर्ण म्हणजे रंग, हे इतकं उघडं मांडलेलं आपल्याला तरी ओळखीचं वाटायला हवं. त्यांच्या सभेत शांतपणे चर्चा चालते ती याहूंना पृथ्वीवरून नाहीसं करावं का याची. आणि आपला नायक? घरी परतल्यावर बायकोमुलांचा वास त्याला सोसवत नाही, तो दोन घोडे विकत घेऊन रोज चार-चार तास तबेल्यात त्यांच्याशी बोलत बसतो. मोरच्या बेटावर फजिती इतरांची होते. इथे आदर्श राज्य पाहून आलेल्याचीच होते. मला हा फरक सगळ्यांत मोठा वाटतो.

प्रत घेताना दोन गोष्टी पाहा: चारही भाग आहेत ना, आणि मजकूर 1735च्या डब्लिन आवृत्तीवरून आहे ना. पहिल्या आवृत्तीत प्रकाशकाने घाबरून बरंच पाणी घातलं होतं.

'एरेव्हॉन' हे माझं लाडकं, त्यामुळे थोडं जपून ऐका. 'नोव्हेअर' उलटं लिहून त्यातली दोन अक्षरं इकडची तिकडे केली की हे नाव होतं. बटलर काही वर्षं न्यूझीलंडमध्ये मेंढ्या पाळत होता, म्हणून सुरुवातीचे डोंगर अस्सल आहेत आणि जरा लांबलेलेही. खिंड ओलांडली की जग उलटं. आजारी पडणं हा गुन्हा. अफरातफर हे दुखणं. पैसे खाल्ले तर उपचारक बोलावतात, तो फटके आणि दूध-पाव लिहून देतो, शेजारीपाजारी सहानुभूतीने विचारपूस करतात. क्षय झाला तर कोर्ट. न्यायाधीश आरोपीला सुनावतो की गेल्याच वर्षी तुला ब्राँकायटिससाठी शिक्षा झाली होती, तरी सुधारला नाहीस. सकाळी भेटल्यावर तब्येत विचारायची नाही. विचारायचं, आज सज्जन आहात ना?

हे फार दूरचं नाही. माझ्या आजीच्या धाकट्या बहिणीला क्षय होता. घरात तो शब्द कुणी उच्चारला नाही. 'छातीचं दुखणं' म्हणायचे आणि स्थळ पाहायला कुणी आलं की तिला मागच्या खोलीत बसवायचे. त्याच घरातल्या एका काकांनी पतपेढीत काय केलं हे मात्र साऱ्या गल्लीला माहीत होतं आणि दिवाळीच्या फराळाचं पहिलं ताट त्यांचं असे.

मधली यंत्रांची प्रकरणं कंटाळवाणी आहेत हे कबूल करते. यंत्रं एक दिवस माणसाला पाळीव करतील या भीतीने एरेव्हॉनच्या लोकांनी 271 वर्षांतले सगळे शोध मोडीत काढले. युक्तिवाद झकास, पण तीन प्रकरणं चालतो, आणि वाक्यं व्हिक्टोरियन लांबीची. बारावीतला मुलगा कदाचित नेमका इथेच जागा होईल. बाकीच्यांची खात्री नाही.

चौथं पुस्तक व्होल्टेअरचं 'काँदीद', 1759चं, पण ते घाईतल्यांसाठी. सतराव्या-अठराव्या प्रकरणात एल दोरादो आहे: रस्त्यात सोनं, तुरुंग नाही, कोर्ट नाही, आणि तरी नायक महिन्याभरात निघतो, कारण इथे सगळेच श्रीमंत मग आपला रुबाब तो काय! एकशे दोन मेंढ्या घेऊन निघतो, शंभर दिवसांत दोन उरतात. एका संध्याकाळचं काम.

मंडळाला मी गलिव्हर सुचवणार आहे. चार भाग, चार शनिवार, भाषा साधी, आणि एखादा शनिवार बुडाला तरी पुढचा भाग समजतो. एकट्याने वाचणार असाल, घरात डॉक्टर किंवा वकील असेल, तर 'एरेव्हॉन' घ्या आणि यंत्रांची प्रकरणं खुशाल उड्या मारत वाचा. 'युटोपिया' त्याला द्या, ज्याला लेखकाशी वाद घालत बसायला आवडतं आणि निकाल लागला नाही तरी झोप लागते.

वकीलबाईंना फोन केला तर त्यांनी अट घातली. गलिव्हर चालेल म्हणाल्या, पण पाचव्या शनिवारी बटलरचा खटला मोठ्याने वाचायचा. न्यायाधीश त्याच होणार आणि आरोपी दोन डॉक्टरांपैकी ज्याला त्या दिवशी खोकला असेल तो.