बंद कपाट की उघडा रॅक? चपला-बुटांसाठी काय घ्यावं

घरात माणसं पाच आणि पायताणांचे जोड एकवीस. ठाण्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये दार उघडलं की डाव्या हाताला साडेतीन फुटांची भिंत आहे, जागा काय ती तेवढीच. आधी आमचाही रॅक दाराबाहेर पॅसेजमध्येच होता. पण आग लागली तर माणसं त्याच वाटेने बाहेर पडणार. सोसायटीने पॅसेज मोकळा करायला सांगितलं, ते योग्यच होतं. त्यानंतर पहिली चार वर्षं आम्ही बंद कपाट वापरलं आणि गेली तीन वर्षं उघडा रॅक वापरतोय. तुम्हीही सध्या याच विचारात असाल, तर आमचा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

कपाटाच्या बाजूने आधी बोलतो, कारण त्याचं सुख खरं आहे. पाहुणे आले की दारातला पसारा दिसत नाही. बुटांवर धूळ बसत नाही. रांगतं मूल घरात असेल तर मग विचारच करायला नको. आमची धाकटी त्या वयात हाताला लागेल ती चप्पल तोंडात घालायची, तेव्हा शटरने आम्हाला फार सांभाळलं. वर सपाट जागा मिळते, किल्ल्या-पाकीट तिथे राहतं.

मात्र पुढे झुकून उघडणाऱ्या अरुंद कप्प्यांचं कपाट घेणार असाल, तर घरातला सगळ्यात मोठा बूट बरोबर घेऊन दुकानात जा. त्यात बूट उभे राहतात. बायकांच्या सपाट चपला छान मावतात, पण माझा दहा नंबरचा बूट टाचेला अडायचा आणि कप्पा दोन बोटं उघडाच राहायचा. जोडांचा जो आकडा सांगतात तो लहान मापाच्या चपला धरून असावा, असं माझं मत झालं आहे. आडव्या फळ्यांचं, सुताराकडून करून घेतलेलं कपाट यापेक्षा बरं. त्यातही प्लाय घ्या. पार्टिकल बोर्डला पाणी लागलं की तो फुगतो, आणि चपलांच्या कपाटाला पाणी लागणारच.

आमचा निर्णय मात्र मापावरून झाला नाही, पावसाळ्यावरून झाला.

पहिल्याच वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी वडिलांनी त्यांच्या कोल्हापुरी मागितल्या. जूनमध्ये पुसून, तेलाचा हात फिरवून मी त्या खालच्या कप्प्यात ठेवल्या होत्या. शटर उघडलं तर कुबट वासाचा भपकारा आला. अंगठ्यावर आणि पट्ट्याच्या वेणीच्या प्रत्येक पेडात पांढरट हिरवी लव चढली होती. कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल, हिरडा अशा झाडपाल्याच्या मालाने कमावलेलं असतं. ते ओल पटकन धरतं आणि त्यावर बुरशीही लवकर येते. कोरड्या फडक्याने पुसून, सावलीत वाळवून चपला वाचल्या, पण डाग राहिले. वडील काही बोलले नाहीत. दुसरी जोडी घालून देवळात गेले.

दोष कारागिराचा नव्हता, कपाटाचाही नव्हता. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवाच ओली असते. त्यात दिवसभर पायात असलेल्या बुटात घामाची ओल मुरलेली असते, ती निघायला निदान एक रात्र उघडी हवा लागते. आपण घरी येतो, बूट आत ठेवतो, शटर लावतो. एका बुटाची ओल मग शेजारच्या पाच जोडांना मिळते.

उपाय सगळे केले. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या, त्या आठवडाभरात भरून जायच्या. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, त्याने खरंच फरक पडतो, पण ते रोज बदलावे लागतात. कापूर ठेवला, तर कपाटाला कापूर आणि कुबट असा दोन्हींचा वास यायला लागला. शेवटी शटर दिवसभर उघडं ठेवायला लागलो. मग मुख्य दार पूर्ण उघडेना, ते शटरला आपटायचं. भाजीची पिशवी घेऊन येणारा माणूस आधी हात घालून शटर लोटणार, मग आत येणार. चार पावसाळे हे केलं.

उघड्या रॅकवर हा त्रास संपला, एवढं मी खात्रीने सांगतो. तीन पावसाळ्यांत एकाही जोडाला बुरशी आली नाही. भिजलेले बूट सगळ्यात वरच्या कप्प्यावर, पंख्याचा वारा लागेल असे ठेवतो. दार उघडल्यावर येणारा वासही गेला.

त्याचे तोटे आहेत. धूळ बसते. दर रविवारी अर्धा तास फडकं घेऊन बसावं लागतं. पसारा दिसतो, आणि माझ्या पत्नीला तो अजूनही खटकतो. तिचं म्हणणं मला पटतं. नुसत्या नळ्यांच्या रॅकमधून मुलांच्या चपला खाली घसरतात, म्हणून जाळीचे कप्पे असलेला घ्या. खोली बारा इंच हवी, दहा इंचांत टाचा बाहेर येतात. समुद्राजवळ राहत असाल तर स्टेनलेस स्टीलला थोडे जास्त पैसे द्या. रंग उडाला की साधं लोखंड सांध्यापासून गंजायला लागतं.

पारदर्शक डबे मला फक्त लग्नकार्याच्या जोडांसाठी ठीक वाटतात. माझे ट्रेकचे बूट मी दोन वर्षं अशा डब्यात जपून ठेवले होते, राजमाचीच्या वाटेवर त्यांचा तळवा सुटून आला. सगळा दोष डब्याला देता येणार नाही. पॉलियुरेथेनचा सोल दमट हवेत वापराविनाही आतून कमकुवत होत जातो. पण हवेवर असते तर त्याची भेग माझ्या नजरेस आधीच पडली असती.

तुम्ही सोलापूर, नागपूरकडे राहत असाल तर हिशोब वेगळा होऊ शकतो. तिथे ओलीपेक्षा धुळीचा त्रास जास्त महिने असतो, त्यामुळे कपाटाला मी नको म्हणणार नाही. कोकणपट्टीत किंवा मुंबई-ठाण्यात कपाटच हवं असेल, तर सुताराला शटरमध्ये पट्ट्यांची झडप किंवा वेताची जाळी बसवायला सांगा. पाठीमागची फळीही वर-खाली दोन इंच सोडायला सांगा. आमच्या खालच्या मजल्यावर असं एक आहे, दोन पावसाळे चांगलं टिकलंय.

आम्ही रॅकशेजारी एक बुटका बाक ठेवला आहे. वडील त्यावर बसून चप्पल घालतात. आणि रॅकचा सगळ्यात खालचा कप्पा जमिनीपासून चार इंच तरी वर असू द्या, खालून केरसुणी फिरली पाहिजे.