इलेक्ट्रिक रोस्टर: नऊ महिने आणि तीन हॅम

लांबण लावणार आहे, म्हणून निकाल आधीच सांगते. रोस्टर, म्हणजे टेबलावर ठेवून मांस भाजायचं हे झाकणाचं मोठं विजेचं भांडं, ठेवतेय, परत देत नाही. पण नाताळच्या टेबलावर मधोमध ठेवायचा तो चकचकीत, तांबूस ग्लेझ (गोड पाकाचा लेप) चढलेला हॅम, म्हणजे डुकराची खारवलेली मांडी, हवा म्हणून घेत असाल, तर थांबा. ते काम हे यंत्र एकट्याने करत नाही. मला हे कळायला तीन हॅम लागले.

आम्ही मूळचे वसईचे. आमचा नाताळ म्हणजे पोर्क इंद्याल (डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट कालवण) आणि फुगे (तळलेले गोल पाव). हॅमची ओळख झाली ती अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकीला आल्यावर. इथे रविवारी चर्चमधला मिस्सा (प्रार्थना) सुटला की लोक बेकरीकडे वळतात ते 'हॉट हॅम अँड रोल्स' घ्यायला, म्हणजे गरम हॅमचे काप आणि सोबत ताजे पाव. रोस्टरही मी पहिल्यांदा पाहिला तो चर्चच्या तळघरातच. लग्न असो की मयत, लांब टेबलावर तीन-चार रोस्टर मांडलेले आणि एकात तरी हॅम असतोच. इथली जुनी माणसं कुठल्याही कंपनीच्या रोस्टरला सरळ 'नेस्को' म्हणतात, जसं आपल्याकडे कुठलंही वनस्पती तूप म्हणजे डालडा. माझा कुठल्या कंपनीचा ते लिहीत नाही. रचना सगळ्यांची जवळपास सारखीच असते.

माझा १८ क्वार्टचा आहे, म्हणजे साधारण १७ लिटर. १४५० वॅट. आत इनॅमलचं काढता येणारं भांडं आणि तापणारी तार त्या भांड्याभोवती बाजूने फिरवलेली. हे 'बाजूने' लक्षात ठेवा, पुढची सगळी रडकथा त्यातूनच निघते. नोव्हेंबरात आणला. पहिल्यांदा रिकामाच तापवून आतल्या तेलकट थराचा वास घालवा असं पुस्तिकेत होतं. तसं केलं, तर धुराचा अलार्म वाजायला लागला आणि विस्कॉन्सिनच्या थंडीत सगळ्या खिडक्या उघडून कोट घालून बसलो. तुम्ही हा विधी गॅरेजमध्येच उरका.

पहिला हॅम नाताळचा, नऊ पौंडी, हाडासकट, स्पायरल कापलेला, म्हणजे हाडाभोवती गोल फिरवत आधीच काप पाडलेला. ज्यांना सवय नाही त्यांच्यासाठी सांगते: दुकानात मिळणारा हा हॅम बहुतेक वेळा आधीच खारवलेला, धुरी दिलेला आणि पूर्ण शिजलेला असतो. आपण तो फक्त गरम करतो, आणि करताना तो वाळू द्यायचा नसतो. कापलेली बाजू खाली ठेवली, कपभर सफरचंदाचा रस ओतला, डायल ३२५ अंश फॅरनहाइटवर (१६३ सेल्सिअस). स्पायरल हॅमला पौंडामागे १० ते १८ मिनिटं धरतात. मला पावणेदोन तास लागले. मधल्या भागात हाडाला न टेकवता थर्मामीटर खुपसून १४० अंश (६० सेल्सिअस) आले की झालं.

मांस अप्रतिम. ओव्हनमध्ये स्पायरल हॅमचे बाहेरचे काप पुठ्ठ्यासारखे होतात, कारण रस निघून जायला प्रत्येक कापात वाट असते. इथे एकही काप कोरडा नाही. शिवाय ओव्हन दिवसभर मोकळा. पण ग्लेझ? हॅमसोबत आलेलं पाकीट मी तासभर आधीच चोपडलं होतं. झाकण उघडलं तर वर काहीच नाही, सगळं खाली. अर्धं पातळ सरबत, अर्धं करपून भांड्याला चिकटलेलं. आई तेव्हा आमच्याकडेच होती. तिने डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हा तर उकडलाय."

आईचं बरोबर होतं. उष्णता बाजूने येते, वरून काहीच येत नाही. झाकण म्हणजे पातळ पत्रा. वाफ त्याला लागते, थेंब होतात आणि परत हॅमवर टपकतात. ज्या गुणामुळे मांस ओलसर राहतं, त्याच गुणामुळे साखर धुऊन जाते. करपलेली साखर मी तारेच्या घासणीने घासली आणि इनॅमलचा एक टवका उडाला. ती चूक माझी. गरम पाण्यात रात्रभर भिजवलं असतं तर आपोआप सुटली असती.

दुसरा हॅम ईस्टरचा. या वेळी ग्लेझ शेवटच्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवलं आणि स्वतःवर खूश होते. रोस्टरचा दिवा तापमान गाठलं की विझतो, पुन्हा तापवायला लागला की पेटतो. तो विझलेला होता, म्हणजे सगळं ठीक, असं मी धरून चालले. चाळीस मिनिटांनी थर्मामीटर लावला तर ९२. झालं असं, की त्याच भिंतीवरच्या प्लगला नवऱ्याने कॉफीचं मोठं भांडं लावलं होतं. १४५० वॅट म्हणजे इथल्या १२० व्होल्टवर १२ अँपिअर, आणि लाइन १५ अँपिअरची. ब्रेकर पडला होता आणि कुणाला पत्ताच नव्हता. जेवण दीड तास उशिरा. पाहुणे अंडी आणि पाव खाऊन पोट भरून बसले.

त्या दिवशी झाकण किंचित तिरकं ठेवून, डायल ४५० ला नेऊन ग्लेझ भाजून पाहिलं. बाजूंना थोडा रंग आला, माथा पांढराफटकच. वर यंत्राची सगळी ऊब स्वयंपाकघरात. हा उपाय कुणी सांगितला तर ऐकू नका.

तिसरा ४ जुलैचा, म्हणजे इथल्या स्वातंत्र्यदिनाचा, आणि हा जमला. या वेळी स्पायरल घेतलाच नाही. न कापलेला शँकचा (मांडीचा खालचा) भाग घेतला, वरच्या चरबीवर शंकरपाळ्यासारख्या रेघा पाडल्या, प्रत्येक चौकटीत एक लवंग. न कापलेल्याला वेळ जास्त लागतो, पौंडाला २० मिनिटांच्या आसपास. रोस्टरमध्ये झाकून १३० अंशांपर्यंत आणला. तोवर गॅसवर ग्लेझ आटवलं: ब्राउन शुगरऐवजी इंडियन स्टोअरमधला कोल्हापुरी गूळ, अननसाचा रस, मोहरीची पेस्ट, चमचाभर व्हिनेगर आणि चिमूटभर आमचा बाटली मसाला (वसईकडचा, बाटलीत भरून ठेवायचा मिश्र मसाला). चमच्याच्या पाठीवर बोट फिरवलं तर रेघ टिकली पाहिजे, इतकं घट्ट. मग हॅम उचलून ट्रेमध्ये ठेवला, कागदी टॉवेलने माथा टिपून कोरडा केला, ग्लेझ लावलं आणि ४२५ ला तापलेल्या ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं, मध्ये एकदा पुन्हा लावून. लवंगांभोवती गूळ फुटून काळसर बुडबुडे आले तेव्हा शेजारच्या आजीबाई, ज्यांनी आयुष्यभर हॅमच केले, उठून जवळ आल्या आणि वास घेऊन विचारलं, "यात काय आहे?" बाटली मसाला समजावून सांगायला ग्लेझपेक्षा जास्त वेळ गेला.

तेव्हा कुणी विचारेल, शेवटी ओव्हन लागलाच ना? लागला, पण तीन तासांऐवजी पंधरा मिनिटं. सणाच्या दिवशी हा फरक फार मोठा असतो.

बारीकसारीक. डायलवर विसंबू नका. माझा ३२५ वर ठेवला की आतला थर्मामीटर ३०० च्या आगेमागे फिरतो. वायर आखूड असते, पण एक्स्टेन्शन लावू नका. बाहेरचा पत्राही चांगलाच तापतो, लहान मुलं असतील तर भिंतीकडे सरकवून ठेवा. झाकण उघडून बघायची सवय मोडा, दर वेळी सगळी वाफ जाते. लेबलवर 'वॉटर अ‍ॅडेड' लिहिलेला हॅम स्वस्त मिळतो, पण रोस्टरमध्ये त्याचं पाणी सुटून हॅम त्यातच पोहतो. खाली साचलेला रस ग्रेव्हीला घ्याल तर आधी चाखा, खारट असतो. हाड मात्र टाकू नका. इथे लोक त्यात वाटाण्याच्या डाळीचं सूप करतात. मी वालाच्या बिरड्यात टाकलं, मीठ अजिबात घातलं नाही, आणि आता घरात बिरडं हाडाशिवाय कुणी मागत नाही.

चार माणसांच्या घरासाठी हे यंत्र घेऊ नका. ठेवायलाच जागा नाही, आणि छोट्या हॅमला एवढ्या भांड्यात करण्यात अर्थ नाही. वीस-पंचवीस माणसं वर्षातून चार-पाचदा जेवायला येत असतील तरच घ्या. जून महिन्यात पुतणीच्या ग्रॅज्युएशनला यातच दहा पौंडांचा इंद्याल केला, तोही झकास झाला, आणि इंद्यालला वरून रंग लागतच नाही.

जाताना आईने विचारलं होतं, वसईला एक घेऊन जाऊ का. १२० व्होल्टचं यंत्र तिकडच्या २३० वर लावलं तर काय होईल ते सांगितल्यावर तिने नाद सोडला. सध्या आमचा तळघरात फ्रीजरशेजारी असतो. झाकणावर नवऱ्याच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली आहे: "कॉफी दुसऱ्या प्लगला."